‘कंट्रोल’ला मराठीत काय म्हणायचं? नव्याने अनुवाद करणाऱ्यांसाठी

अनुवादाचं काम सुरू केलं त्या पहिल्या वर्षी माझ्या चौदा पानी मजकुरात ‘नियंत्रण’ हा शब्द एकतीस वेळा आला होता. मी मोजला नव्हता; मजकूर तपासणाऱ्या बाईंनी मोजला होता. प्रत्येकाखाली लाल रेघ आणि शेवटच्या पानावर एक ओळ: ‘यातली सहा ठेव, बाकीच्यांना त्यांची त्यांची नावं दे.’ मला राग आला. शब्दकोशात कंट्रोल म्हणजे नियंत्रण असं स्वच्छ लिहिलंय, मग अडलं कुठे? ती ‘त्यांची त्यांची नावं’ शोधता शोधता मला कळलं की इंग्रजीने एकाच पोत्यात भरलेला माल मराठीने फार पूर्वीच वेगवेगळ्या डब्यांत लावून ठेवलाय. डबे कुठे आहेत तेवढं माहीत हवं.

आधी हे जवळ असू द्या

- भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश. कायदा, प्रशासन, अर्थशास्त्र अशा विषयांसाठी मान्य संज्ञा इथे मिळतात. सरकारी कामात यापलीकडे जाऊ नका.
- दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. शब्द कोणत्या क्रियापदाबरोबर नांदतो ते याच्या उदाहरणांत दिसतं.
- मोल्सवर्थचा कोश, १८५७ची दुसरी आवृत्ती. जुना आहे, पण बोलीतले शब्द त्याने मन लावून टिपलेत.
- एक कोरी वही. चांगल्या मराठीत ‘ताबा’, ‘आळा’, ‘आवर’ दिसला की पूर्ण वाक्य उतरवून घ्यायचं. नुसता शब्द उतरवला तर त्याचा उपयोग शून्य.
- मोठ्याने वाचण्याची तयारी. लाजू नका.

१. आधी वाक्याला प्रश्न विचारा

कोण? कशावर? आणि तो नेमकं काय करू शकतो? चालवू शकतो, थांबवू शकतो, कमी करू शकतो, जवळ ठेवू शकतो, की नुसतं बघू शकतो?

समजा मूळ मजकुरात पाच वाक्यं आहेत आणि पाचही ठिकाणी ‘कंट्रोल’च आहे. बंबवाल्यांनी आगीवर कंट्रोल मिळवला. चालकाचा मोटारीवरचा कंट्रोल गेला. आजीची साखर कंट्रोलमध्ये आहे. अमक्या कंपनीचा तमक्या कंपनीवर कंट्रोल आहे. आणि ‘स्वतःला कंट्रोल कर!’ पाचही ठिकाणी ‘नियंत्रण’ बसवलं तर व्याकरण मोडत नाही, हीच खरी अडचण. वाक्य चूक नसतं, फक्त ते कोणी बोलत नाही. आग आटोक्यात येते, मोटारीवरचा ताबा सुटतो, साखर नियंत्रणात राहते, कंपनीवर नियंत्रण असतं (हे का ठेवलं ते पुढे सांगते) आणि माणूस स्वतःला आवरतो.

२. ‘नियंत्रण’ची खरी जागा ओळखा

या शब्दाच्या पोटातच ‘यंत्र’ आहे, आणि यंत्राच्या मुळाशी ‘यम्’ हा संस्कृत धातू: आवरणं, रोखून धरणं. नियम, नियमन, संयम ही सगळी त्याच घरची भावंडं, म्हणून तर गोंधळ होतो.

मी वापरते ती चाचणी अशी. तीन गोष्टी असतील तर ‘नियंत्रण’ निर्धास्त लिहावं: मोजायला काहीतरी, गाठायचं किंवा राखायचं एक प्रमाण, आणि फरक पडला की फिरवायची एखादी कळ. इस्त्रीचं उदाहरण घ्या. तवा ठरावीक तापला की आतली पट्टी वाकते, वीज तुटते. तवा निवला की पट्टी सरळ होते, वीज पुन्हा लागते. कोणी बघत नसतानाही हे चालू राहतं. हे तापमानाचं नियंत्रण. जेम्स वॉटने १७८८मध्ये वाफेच्या इंजिनावर गरगर फिरणारे दोन गोळे बसवले तेही हेच: वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात आणि वाफेची वाट अरुंद होते, वेग उतरला की ती पुन्हा मोकळी होते.

प्रदूषण नियंत्रण, गुणवत्ता नियंत्रण, कीड नियंत्रण, गर्दीचं नियंत्रण इथे हा शब्द शोभतो, कारण या सगळ्यांत मोजणं आणि दुरुस्त करणं आहे. आगीला राखायचं प्रमाण नसतं, ती विझवायचीच असते. माझ्या ‘आगीवर नियंत्रण मिळवले’वर त्या बाईंनी समासात लिहिलं होतं, ‘अगं, आग आहे ती, इस्त्री नव्हे.’ इस्त्रीचं उदाहरण मी तिथूनच उचललंय.

३. ‘ताबा’ लिहिताना विभक्ती दोनदा बघा

नवख्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो. ‘गाडीवरचा ताबा’ आणि ‘गाडीचा ताबा’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

‘चालकाचा गाडीवरचा ताबा सुटला’ म्हणजे गाडी त्याच्या हाताला जुमानेना. ‘ग्राहकाने गाडीचा ताबा घेतला’ म्हणजे गाडी त्याच्या हवाली झाली; ती त्याला चालवता येते की नाही याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. ‘वर’ लागला की हुकमत, ‘चा-ची-चे’ लागला की कब्जा. ‘शहरावर ताबा मिळवला’ आणि ‘शहराचा ताबा घेतला’ यांत अंतर कमी होतं खरं, पण पहिल्यात झटापट ऐकू येते, दुसऱ्यात किल्ल्या हातात पडल्याचा आवाज.

आता कायद्याकडे. घटस्फोटाच्या कागदपत्रांत मुलाचा ‘ताबा’ असतो, मुलावर ‘नियंत्रण’ नसतं. जमिनीच्या व्यवहारात ताबा एकाकडे आणि मालकी दुसऱ्याकडे असू शकते. भाडेकरूकडे ताबा आहे, मालकी नाही. म्हणून ‘ताबा’, ‘मालकी’ आणि ‘हक्क’ हे एकमेकांच्या जागी टाकायचे शब्द नव्हेत. एका शब्दाच्या चुकीने करारनाम्याचा अर्थ उलटतो. ‘कब्जा’ हाही ताबाच, पण रोजच्या बोलण्यात त्याला दांडगाईचा वास येतो. तटस्थ मजकुरात जपून वापरा.

सीमेच्या बातम्यांत हे बारीक वाचा. भारत आणि पाकिस्तान यांच्यातल्या १९४९च्या युद्धबंदी रेषेची १९७२च्या शिमला करारानंतर ‘नियंत्रण रेषा’ झाली. वृत्तपत्रांत ‘ताबारेषा’ही दिसते. कोण कुठवर उभा आहे एवढंच हे शब्द सांगतात. जमीन कोणाची, या प्रश्नाला ते मुद्दाम हात लावत नाहीत. अशा ठिकाणी अनुवादकाने ‘सीमा’ किंवा ‘सरहद्द’ लिहून टाकलं तर दोन देशांनी न सोडवलेला प्रश्न त्याने परस्पर निकालात काढलेला असतो.

कंपन्यांचं निराळं. कंपनी कायदा, २०१३च्या कलम २(२७)मध्ये या शब्दाची व्याख्याच दिलीय: बहुसंख्य संचालक नेमण्याचा हक्क, किंवा व्यवस्थापनावर वा धोरणाच्या निर्णयांवर चालणारी हुकमत, मग ती भागभांडवलामुळे असो की एखाद्या करारामुळे. म्हणजे हातात फार शेअर नसतानाही कंपनीवर नियंत्रण असू शकतं. इथे ‘मालकी’ लिहिणं चूक, ‘ताबा’ लिहिणं सैल. कायद्याने शब्द बांधून दिला असेल तिथे आपली चव बाजूला ठेवायची आणि ‘नियंत्रण’च लिहायचं.

४. आवर, आळा, आटोका: हे तीन शिकलात की निम्मं काम झालं

मला विचाराल तर मराठीची खरी श्रीमंती इथे आहे, आणि अनुवादात नेमके हेच शब्द गळतात.

‘आवरणं’ बघा. घर आवरायचं, पसारा आवरायचा, ‘लवकर आवर, उशीर होतोय’, राग आवरायचा, हसू आवरेना, पोरं आवरेनात, मोह आवरला नाही, काम आवरतं घ्या. पसरलेलं, सांडलेलं, उतू जाणारं काहीतरी गोळा करून त्याच्या जागी आणणं, हे या सगळ्यांत आहे. म्हणून मनातून उसळणाऱ्या गोष्टींना हा शब्द घट्ट बसतो. ‘त्याने आपल्या रागावर नियंत्रण मिळवले’ यापेक्षा ‘त्याने राग आवरला’ हे अर्ध्या लांबीचं आणि दुप्पट खरं. कधी ‘आवर घालणं’ हवं असतं: जिभेला आवर घाल, खर्चाला आवर घाल. इथे ‘ला’ लागतो. ‘जिभेवर आवर’ कोणी म्हणत नाही.

‘आळा’ बाहेरून घालायचा असतो, आणि तो बहुधा वाईट चालीला घालायचा असतो. भ्रष्टाचाराला आळा, अफवांना आळा, साठेबाजीला आळा. आळा घातला की गोष्ट संपतेच असं नाही, पण तिचं वाढणं अडतं. चांगल्या गोष्टीला आळा घालत नाहीत. ‘वाचनाला आळा बसला’ असं लिहिलं तर वाचक ते टोमणा म्हणूनच वाचेल.

‘आटोक्यात’ म्हणजे आवाक्यात, हात पोचेल इतक्यात. आग आटोक्यात येते, साथ आटोक्यात येते, खर्च आटोक्यात राहतो. आणि जे येत नाही ते ‘हाताबाहेर’ जातं. ‘परिस्थिती नियंत्रणाबाहेर गेली’ हे सरकारी निवेदन झालं. ‘परिस्थिती हाताबाहेर गेली’ हे तिथे उभ्या असलेल्या माणसाचं वाक्य. दोन्हींना जागा आहे, फक्त कोण बोलतंय ते ठरवा.

एक सूचना. ‘आटोक्यात’ हे जवळपास नेहमी याच रूपात येतं. ‘आगीवर आटोका मिळवला’ असलं काही करू नका. मी केलंय.

५. हत्ती, घोडा, बैल

अंकुश माहुताच्या हातात, लगाम घोड्याच्या तोंडात, वेसण बैलाच्या नाकात. तिन्हींत समोरचा आपल्यापेक्षा बलवान आहे आणि आपण त्याला एका छोट्या साधनाने ताळ्यावर ठेवतोय. म्हणून ‘सत्तेवर अंकुश’ छान वाटतं: सत्ता हत्तीसारखी, आणि न्यायालय किंवा विधिमंडळ माहुतासारखं. ‘मच्छरांवर अंकुश’ वाचून मात्र हसू येतं. लगाम वेगाला आणि जिभेला, वेसण मस्तवालपणाला. यांपैकी एका परिच्छेदात एकच जनावर पुरे.

६. संयम स्वतःचाच

संयम दुसऱ्यावर ठेवता येत नाही. ‘पोलिसांनी जमावावर संयम ठेवला’ हे वाक्य मी छापलेलं पाहिलंय. पोलिसांनी संयम राखला (स्वतःचा) आणि जमावाला आवरलं, असं म्हणायचं असणार. निग्रह हा संयमापेक्षा कडक: त्यात स्वतःशी झगडा आहे, दात आवळणं आहे. मजकूर धीराने वागण्याबद्दल असेल तर संयम, सवय तोडण्याबद्दल असेल तर निग्रह.

७. नियमन, निर्बंध, बंदी यांची पायरी पाळा

नियमन म्हणजे नियम घालून देऊन काम चालू ठेवणं. रिझर्व्ह बँक बँकांचं नियमन करते. बँका ती स्वतः चालवत नाही. निर्बंध म्हणजे करा, पण इतकंच. बंदी म्हणजे करूच नका. ‘पैसे काढण्यावर निर्बंध’ आणि ‘पैसे काढण्यावर बंदी’ यांतला फरक खातेदाराची झोप ठरवतो.

एका जुन्या शब्दाची इथे आठवण होते. र. धों. कर्वे यांनी १९२१मध्ये मुंबईत ज्या कामाचं केंद्र उघडलं, त्याला मराठीत ‘संततिनियमन’ हा शब्द रूढ झाला. इंग्रजीत ‘बर्थ कंट्रोल’ असताना मराठीत ‘नियमन’. जोडप्याने आपल्या मर्जीने, ठरवून, बेताने वागावं एवढाच अर्थ त्यात आहे. पुढे ‘लोकसंख्या नियंत्रण’ आलं आणि निर्णय घेणारा बदलला: घरातला माणूस गेला, सरकार आलं. शब्द बदलला की कर्ता बदलतो, हे मला याच जोडीने शिकवलं.

८. आरोग्याचा मजकूर असेल तर इथे थांबा आणि दोनदा वाचा

ही पायरी मी स्वतः चुकले म्हणून लांबवतेय. रक्तदाबाच्या एका माहितीपत्रकात मी लिहिलं होतं, ‘गोळ्या नियमित घेतल्यास रक्तदाब नियंत्रणात येतो.’ वाक्यात खोट नाही. माझ्या नात्यातल्या एका काकांनी ते वाचलं, दवाखान्यात मोजून घेतलं, आकडा चांगला आला, आणि गोळ्या बंद केल्या. ‘अगं, तूच लिहिलंयस ना, नियंत्रणात येतो म्हणून? आला की!’ त्यांनी ‘नियंत्रणात’चा अर्थ ‘बरा’ असा घेतला होता.

दोष त्यांचा नव्हता. ‘नियंत्रणात आला’ हे वाक्य मराठी कानाला पूर्ण झाल्यासारखं वाटतं, जसं ‘घरी आला’. डॉक्टरांना म्हणायचं असतं की गोळी आहे तोवर आकडा हद्दीत आहे. तेव्हापासून मी ‘येतो’ऐवजी ‘राहतो’ लिहिते आणि पुढे एक वाक्य जोडते: ‘आकडा चांगला दिसतो तो गोळीमुळे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती थांबवू नका.’ मूळ मजकुरात हे वाक्य नसेल तर काम देणाऱ्याला विचारून घालते. आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

साथीच्या रोगांत आणखी एक शिडी आहे: नियंत्रण, दुरीकरण, निर्मूलन. नियंत्रण म्हणजे रोगी कमी करणं. दुरीकरण म्हणजे एखाद्या भागातून रोग हटवणं. निर्मूलन म्हणजे मुळासकट काढणं. देशातला मलेरियाचा कार्यक्रम १९५३मध्ये ‘नियंत्रण’ म्हणून सुरू झाला आणि १९५८मध्ये त्याच्या नावात ‘निर्मूलन’ आलं. क्षयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या इंग्रजी नावातही २०२०पासून ‘कंट्रोल’च्या जागी ‘एलिमिनेशन’ आहे; मराठीत त्याला ‘दुरीकरण’ म्हणतात, कुठे ‘निर्मूलन’ही दिसतं. नुसती पाटी बदलली असं समजू नका, उद्दिष्ट बदललं. जुना अहवाल अनुवादायला आला तर त्या वर्षीचंच नाव ठेवा. देवीचा रोग मात्र खरोखर गेला. जागतिक आरोग्य संघटनेने तसं १९८०मध्ये जाहीर केलं. तिथे ‘नियंत्रणात आला’ लिहिणं म्हणजे त्या कामाचा अपमान.

९. जिथे ‘कंट्रोल’चा अर्थ ‘तपासणी’ असतो

इंग्रजी शब्दाचं मूळ मध्ययुगीन लॅटिनमध्ये आहे: हिशेबाच्या गुंडाळीसमोर ठेवलेली दुसरी गुंडाळी. एकाने लिहायचं, दुसऱ्या गुंडाळीशी ताडून बघायचं. फ्रेंचमध्ये अजून तिकीट तपासण्याला हाच शब्द आहे. आपल्या ‘नियंत्रक व महालेखापरीक्षक’ या पदाच्या (राज्यघटना, कलम १४८) नावातही तोच जुना वारसा डोकावतो.

प्रयोगातला ‘कंट्रोल ग्रुप’ही याच वंशातला. नवं औषध न देता ज्यांच्याशी तुलना करायची तो गट. ‘नियंत्रित गट’ वाचून मला बरीच वर्षं वाटायचं की त्या बिचाऱ्यांना कुठेतरी कोंडून ठेवलंय. आता पहिल्यांदा ‘तुलनेसाठीचा गट (नियंत्रण गट)’ असं लिहिते आणि पुढे नुसतं ‘तुलना गट’. समोर ठेवलेली दुसरी गुंडाळीच ती.

देखरेख वेगळी. देखरेख करणारा बघतो, नोंदतो, कळवतो. कळ फिरवायचा अधिकार त्याच्याकडे असेलच असं नाही. आणि ‘वचक’ तर आणखी वेगळा. त्यात कोणी काही करत नाही. तो माणूस कोपऱ्यावर नुसता दिसला तरी बाकीचे सरळ चालतात.

१०. नेहमीचे सापळे

- नियंत्रण आणि निमंत्रण. एका अक्षराचा फरक, आणि शब्द तपासणारं सॉफ्टवेअर दोन्हींना बरोबर म्हणतं. ‘आपणास सहकुटुंब नियंत्रण’ हे छापून गेलेलं आहे. शेवटच्या वाचनात हे दोन शब्द मुद्दाम शोधा.
- ‘नियंत्रण करा’. हिंदीचा ठसा. मराठीत नियंत्रण ठेवतात, आणतात, मिळवतात. नाहीतर ‘नियंत्रित करा’ म्हणा. ‘आगीवर काबू पावला’ हेही तसलंच. काबूत आणतात, काबूत ठेवतात.
- ‘पालक नियंत्रण’. फोनमधली सोय. पण कीड नियंत्रण म्हणजे किडीचं नियंत्रण, मग पालक नियंत्रण म्हणजे कोणाचं? माझ्या ओळखीची एक मुलगी म्हणाली, ‘हे बटण मला हवंच होतं.’ ‘पालकांसाठी नियंत्रणं’ किंवा सरळ ‘मुलांच्या वापरावर मर्यादा’ लिहा.
- अनेकवचन. ‘नियंत्रणं’ म्हटलं की एक तर सरकारी बंधनं किंवा यंत्रावरची बटणं. यंत्राच्या पुस्तिकेत ‘बटणं’च लिहा.
- सगळंच मराठी करण्याचा हट्ट. ‘कंट्रोलचं धान्य’ म्हणजे रेशनचं, हे जुन्या लोकांना न सांगता कळतं. रिमोट रिमोटच. कळफलकावरचं बटण ‘कंट्रोल’च, तिथे ‘नियंत्रण कळ दाबा’ लिहिलंत तर वाचक ती कळ शोधत बसेल, कारण तिच्यावर तसं काही छापलेलं नसतं.

११. मजकूर पाठवण्याआधी

‘नियंत्र’ एवढीच अक्षरं शोधा-खिडकीत टाका आणि आकडा बघा. मग एकेका जागी थांबून ते वाक्य मोठ्याने म्हणा, पण लेखक म्हणून नाही, त्या वाक्यातल्या माणसाच्या तोंडून: चालक, रुग्ण, बंबवाला, शेअरधारक. जिथे जीभ अडखळते तिथे डबा चुकलाय. माझं शेवटचं काम बावीस पानी होतं, पाणीपुरवठ्याच्या पंपांबद्दल. त्यात ‘नियंत्रण’ चाळीस वेळा आलं आणि मी एकही काढलं नाही. पंपच होते ते.